घाटावरचं भजन

आमच्या घरातली प्रत्येक उशी कोणाच्या ना कोणाच्या तेरवीची होती. बाबांच्या भजन मंडळानं मयतीच्या घरून पैसे घ्यायचे नाहीत असं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. तेराव्या दिवशी एक नारळ आणि एक पांढरा दुपट्टा, एवढाच मान. दुपट्टे साठत जात. आई त्यांच्या उशांच्या खोळी शिवी, गोधड्यांना अस्तर लावी, पोळ्यांच्या डब्यात घाली, आणि तरी उरलेच तर माझ्या परकराला आतून जोडी. नारळांचं तर विचारूच नका. कढीत खोबरं, पोह्यांत खोबरं, पातोडीच्या रश्शात खोबरं; पुढे लग्न होऊन सासरी गेल्यावर पहिल्यांदा गोळाभात खाल्ला तेव्हा सासूबाई खोबरं घालायला विसरल्या असंच मला वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या घरात माझी सुरुवात अशी झाली. लहान असताना मात्र माझा हिशेब सरळ होता: माणसं मरतात म्हणून आपल्याकडे नारळ येतात. त्यात मला काही वाईट दिसत नसे.

आम्ही लकडगंजच्या मागच्या अंगाला राहत होतो. दिवसभर कानाशी लाकूड कापायची आरामशीन चाले. त्या आवाजावरून बोलायची सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असली तरी आईचा आवाज खाली येत नसे आणि आमच्या घरचं भांडण पार चौकातल्या पानठेल्यावर ऐकू जाई. बाबा अशाच एका आऱ्यावर कामाला होते. शामराव त्यांचं नाव. भिंतीला भिंत लागून किसनकाका राहत. ते संत्र्याच्या पेट्या ठोकत. हंगाम आला की काटोलकडच्या बागवाल्यांची माणसं येऊन बसत, अंगणात पेट्यांची थप्पी छपरापर्यंत जाई, आणि किसनकाका तोंडात खिळे धरून सकाळपासून ठोकत बसत. तेही तालात. हेच हात मंडळात ढोलक वाजवत. बाबा म्हणायचे की हातोडीवरून मला कळतं, आज किसनचं बायकोशी वाजलंय की जमलंय. ती बायको म्हणजे सुमनकाकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला अर्धं आईनं वाढवलं, अर्धं त्यांनी. किसनकाकांना लाकडाच्या भुशाचा खोकला होता. दोन ठसक्यांचा, कोरडा. तो आला की सुमनकाकू हातातलं काम टाकून पाण्याचा लोटा घेऊन येत, आणि काका खोकत असले तरी त्यांचा हात ढोलकावरून चुकत नसे.

मंडळाचं काम मयतीचं. कोणी गेलं की निरोप येई. बाबा आऱ्यावरून अंगाचा भुसा झटकत येत, पांढरं धोतर-सदरा चढवत. हरबाजी नावाचे एक उंच, वाकलेले गृहस्थ होते, ते गळ्यात पट्ट्यानं पेटी अडकवून येत. टाळकरी जमत. मग तिरडीच्या पुढे चालत ही माणसं भजनं म्हणत घाटापर्यंत, म्हणजे स्मशानापर्यंत, जात. आम्हा बायकांना हे ऐकू येई ते कोपऱ्यापर्यंत. घाटावर बायकांनी जायची रीत नव्हती. तिरडी वळली की आधी टाळ विरत, मग बाबांचा आवाज, आणि सगळ्यांत शेवटी ढोलक. मग आई अंगणातल्या चुलीवर मोठ्या गंजात पाणी ठेवी, दाराशी कडुनिंबाची डहाळी टांगी आणि गुळाच्या चहाची तयारी करी. मंडळ परत आलं की एकेक पान चावून, अंगावर पाणी घेऊन मगच ते घरात येत, आणि मग अशी भूक लागलेली असे त्यांना, की पिठल्याचं पातेलं पुसून काढत. मयतीवरून आलेली माणसं इतकी हसतात हे मी आमच्याच घरी पाहिलं.

बाहेर मात्र त्यांना पाहून कोणी हसत नसे. सकाळी बाबा पांढऱ्या कपड्यांत गल्लीतून निघाले की लोक आधी "कोण गेलं गा?" विचारत आणि मग राम राम घालत. लग्नाची पत्रिका येई, पण वरातीच्या आधी येऊ नका असं कोणीतरी गोड शब्दांत सुचवून जाई. बारशाला तर कोणी बोलावतच नसे. आणि आजारी माणसाच्या घरी मंडळातल्या कोणी पाऊल ठेवायचं नाही, हा तर नियमच होता. तो लोकांनी घातलेला की मंडळानं, मला माहीत नाही. मयतीचा गाणारा खाटेजवळ येऊन बसला तर आजाऱ्यानं काय समजायचं? म्हणून सख्ख्या बहिणीच्या दुखण्यातही बाबा दाराबाहेर चपला घालूनच उभे राहत आणि तिथूनच विचारपूस करून परत येत.

दुसरा नियम घाटावरच्या भजनाचा. बाकी भजनं आमच्याच ओसरीत बसवली जात, म्हणजे आम्हाला सगळी पाठ. पण चिता पेटवताना म्हणायचं एक भजन होतं, ते घरात म्हणायचं नाही, त्याचा सराव करायचा नाही, आणि ते म्हणायचं फक्त मंडळाच्या मुख्यानं. बाबांना ते त्यांच्या गुरूंनी घाटावर उभ्यानंच शिकवलेलं. आईचा संसार इतक्या वर्षांचा, पण नवऱ्याच्या गळ्यातलं ते भजन तिनं कधी ऐकलं नव्हतं. एवढंच ऐकून माहीत होतं, की त्यात निघालेला जीव घराचा निरोप घेतो. आधी चुलीचा, मग उंबरठ्याचा, मग अंगणाचा, आणि सगळ्यांत शेवटी सोबत्याचा. दर कडव्यानंतर गाणारा थांबतो आणि एक फेर नुसतं ढोलक वाजतं.

मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस इकडे नातेवाइकाच्या मयतीला आला आणि त्यानं ते ऐकलं. दुसऱ्याच दिवशी तो आमच्या ओसरीत हजर. गोरा, सेंटाचा वास, आणि खोबऱ्याचे पोहे आवडल्याचं दोनदा सांगणारा. त्याला मंडळाच्या भजनांची कॅसेट काढायची होती, आणि तिच्या शेवटी घाटावरचं भजन पाहिजेच होतं. त्याशिवाय कॅसेट नाही. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं. तो गेल्यावर दोन-तीन दिवस ओसरीत बाबा आणि किसनकाकांची वादावादी चालली. काकांचं म्हणणं एकच, की घाटावरची गोष्ट घाटावर राहू द्यावी, ती दुकानात ठेवू नये. बाबांनी आधी गुरूंचे दाखले दिले, मग कंपनीचे, आणि शेवटी जे पोटात होतं ते बोलले.

"किसन, जन्मभर गाऊन राहिलो गा मी," बाबा म्हणाले. "पण मले पाहून लोक दार लावून घेतात. एकदा तरी कोणी मले दार उघडून ऐकावं का नाई?"

यावर किसनकाका खोकले, लोट्यातलं पाणी प्याले. मग म्हणाले, "चाल. पण मी सांगून ठेवतो. तू नसला तरी चालन असं होईन. आणि एक कबूल कर. माह्या वक्ती तूच म्हणजो. तोंडानं."

बाबांनी हातावर हात मारला. मी दाराच्या चौकटीला टेकून तांदूळ निवडत होते, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

कॅसेट निघाली. वर बाबांचा फोटो, फेटा बांधलेला. जन्मात त्यांनी फेटा बांधला नव्हता. गल्लीतल्या कोणाचा तरी रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन मागून आणला आणि आम्ही सगळे ऐकायला बसलो. दुसऱ्या बाजूला, शेवटच्या भजनाच्या आधी क्षणभर काहीच वाजत नाही, आणि त्या शांततेत किसनकाकांचा खोकला आहे. दोन ठसके. कंपनीच्या लक्षात आलं नाही की पुन्हा रेकॉर्ड करायचा त्यांना कंटाळा आला, देव जाणे. तो तसाच राहिला. आम्ही सगळे खो खो हसलो. काका लाजले. आणि मग ते भजन सुरू झालं, आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. आई कणीक मळत होती. तिचा हात परातीत तसाच राहिला. भजन संपलं तशी ती उठली, अंगणात गेली, आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मलाही घ्यायला लावलं. मयतीवरून आल्यासारखं. बाबांचा चेहरा उतरला. पुढे तर ते भजन रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून ऐकू येऊ लागलं, आणि रोज अंघोळी तरी किती करणार? घरातली ती रीत तशी गेली.

कॅसेट खपली म्हणजे अशी खपली, की कन्हानपासून पार वर्ध्याकडच्या गावांपर्यंत मयत झाली की पहिल्यांदा ती आणायला माणूस धावे. पानठेल्यावर अगरबत्तीच्या पुड्यांशेजारी ती टांगलेली असे. लोक हिला पुण्यवान कॅसेट म्हणत. आणि मंडळाला बोलावणं येणं थांबलं. लोकांचं तरी काय चुकलं? मंडळ म्हटलं की निरोप धाडा, माणसं जमेपर्यंत थांबा, तेरवीला दुपट्टे आणा. त्यापेक्षा बटण दाबलं की शामरावच गातात, तेही फेटा बांधून. पहिलं वर्ष बाबा खुशीत होते. रस्त्यात अनोळखी माणसं हात जोडत, एका लग्नातही बोलावणं आलं. पण मग एक टाळकरी लग्नाच्या बँडमध्ये गेला, एक गावी निघून गेला, हरबाजींच्या पेटीचे सूर दमट ओसरीत पडून चिकटले. दुपट्टे येईनात. आईनं उशांच्या खोळी उसवून, उलट्या करून पुन्हा शिवल्या. एकदा आमच्याच गल्लीच्या तोंडाशी तिरडी चालली होती आणि पुढे कॅसेट वाजत होती. बाबा ओसरीत बसून स्वतःचं भजन ऐकत होते आणि त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. किसनकाका पेटीला खिळा मारत म्हणाले, "पाह्य शामराव. आपण तिकडून जाऊन राहिलो, आन आपणच इथं बसून राहिलो." बाबा हसले नाहीत.

अशातच बातमी आली की कॅसेटला सोन्याची तबकडी मिळणार. देशभरात त्या वर्षी सगळ्यांत जास्त खपलेल्या गाण्यांना ती देतात; मोठा समारंभ असतो, सिनेमातली माणसं येतात. कंपनीचा तोच माणूस सांगायला आला, पुन्हा पोहे खाऊन गेला. बक्षीस चांगल्या गाण्याला नसतं, खपाला असतं, हे त्यानं स्वतःच अभिमानानं सांगितलं. भक्तिगीतांत आपला खप सगळ्यांच्या पुढे. किसनकाका तेव्हा अंथरुणाला खिळले होते, सुमनकाकूंनी त्यांच्या कानावर घातलं. काका म्हणाले म्हणे, की आपला खप म्हणजे किती घरी रडारड झाली त्याची मोजदाद होय, त्याले कायचं सोनं. मला हे वाक्य त्या वेळी कडवट वाटलं होतं. आता वाटतं, त्या बक्षिसाबद्दल शहाणं वाक्य तेवढं एकच बोललं गेलं.

खोकला छातीत उतरला होता. दवाखाना झाला, सुया झाल्या, डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. आई रोज भाताची पेज घेऊन जाई. मी जाई. जात नसत ते फक्त बाबा. भिंतीला भिंत, मधल्या खिडकीतून ठसका ऐकू येई, आणि बाबा ओसरीतल्या खांबाला टेकून तो ऐकत बसत. आईनं एकदा वैतागून म्हटलं की तो काय परका आहे, आता तरी जा. बाबा उठले, अंगणातून चार पावलं त्यांच्या दारापर्यंत गेले, बाहेरून "किसन, बरा होऊन राहिला ना गा?" असं विचारलं, आतून "हो हो" आलं, आणि ते परत फिरले. मी त्यांना दोष देत नाही. आपण आत गेलो तर किसनला वाटेल की गाणारा आला, आता संपलं. हे भय त्यांच्या हाडात होतं. जन्मभर त्यांनी लोकांच्या तोंडावर ते पाहिलं होतं. सगळ्या गल्लीत किसनकाकांची काया कशी झाली आहे हे न पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो त्यांचा जिवाचा दोस्त होता.

मुंबईची गाडी धरायची त्या दिवशी सकाळी बाबा नवा सदरा घालून ओसरीत बसले होते आणि जागचे हलत नव्हते. जाऊ की नको, हेच चाललं होतं. आई म्हणाली राहू द्या. तेवढ्यात सुमनकाकू आल्या. पदर खोचलेला, चेहरा नुकताच धुतलेला.

"भाऊजी, जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "रातच्यान आराम आहे त्यायले. आता बसून अर्धी भाकर खाल्ली. म्हणते, शामरावले म्हणा सोनं घेऊनच ये."

बाबांचं तोंड एकदम उजळलं. "भाकर खाल्ली?" त्यांनी लहान पोरासारखं दोनदा विचारलं. मग पिशवी उचलली आणि निघाले. जाताना काकांच्या दारासमोर थांबले, बाहेरूनच "येतो गा" म्हणाले. आतून काही आलं नाही. सुमनकाकूंनी सांगितलं, डोळा लागला आहे.

दुसऱ्या दिवशी किसनकाका गेले. आमच्याकडचा मे महिना. सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळपर्यंत ठेवता येत नाही. कोणीतरी कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात ट्रंककॉल लावला. तिकडून सांगितलं की सगळी मंडळी समारंभाच्या गडबडीत आहेत, निरोप देतो. तो निरोप बाबांना तबकडी हातात पडल्यावर मिळाला. इकडे हरबाजी आले, अंगणात माझ्या आईसमोर हात जोडून उभे राहिले. बाकी भजनं कशीबशी म्हणू, म्हणाले, पण माणसं कुठून आणू, आणि ढोलक वाजवणारा तर तिरडीवर आहे; घाटावरचं भजन तर माझ्या गळ्यातच नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मग गल्लीतल्या पोरांनीच मार्ग काढला. तोच टू-इन-वन, चौकातल्या पानठेल्यावरची कॅसेट. एका पोरानं तो खांद्यावर घेतला आणि तिरडीच्या पुढे चालू लागला.

सुमनकाकू आमच्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. रडून रडून आवाज बसला होता. तिरडी उचलली, कॅसेट सुरू झाली आणि पहिली थाप वाजली तशा त्या ताडकन उठून बसल्या. पदर सावरून दाराकडे निघाल्या. बायकांनी धरलं, रीत नाही म्हणून समजावलं. त्यांनी सगळ्यांचे हात सोडवले.

"हे वाजवून राहिले," त्या म्हणाल्या, "आन मी घरी बसू?"

आईनं माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. मी त्यांच्या मागे गेले. अशी मी पहिल्यांदा तो कोपरा ओलांडला. माणसं वळून पाहत होती, पण कोणी अडवलं नाही. डांबर मऊ झालेलं, सुमनकाकू अनवाणी, आणि पुढे किसनकाकांचं ढोलक वाजतंय, त्याच्या मागे किसनकाका चाललेत. मी एकदा तिरडीकडे पाही आणि एकदा त्या पोराच्या खांद्याकडे. घाटावर लाकडं रचेपर्यंत पहिली बाजू संपली. पोरानं कॅसेट उलटी केली, शेवटच्या भजनापर्यंत पुढे पळवली. क्षणभर काहीच वाजलं नाही. मग दोन ठसके आले. सुमनकाकू चटकन वळल्या आणि माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "पाणी दे वं, लवकर."

मी काय करणार होते? घाटावर सगळे पुरुष खाली माना घालून उभे होते. त्यांचा हात तसाच पुढे होता, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि तो हळूहळू खाली गेला. भजन सुरू झालं. चुलीचा निरोप झाला, उंबरठ्याचा झाला. उन्हानं की सेल संपत आले म्हणून, बाबांचा आवाज हळूहळू जाड होऊ लागला. अंगणाच्या कडव्यात तो असा रेंगाळला की शब्द ओळखू येईनात. ढोलकाची एकेक थाप चिखलात पाय पडल्यासारखी येऊ लागली. त्या पोराला घाम फुटला, तो बटणं दाबत राहिला. शेवटी हरबाजींनी पुढे होऊन यंत्र बंद केलं. सोबत्याचा निरोप घ्यायचा राहिला, तसाच अग्नी दिला. आयुष्यात पुढे मी पुष्कळ वाईट पाहिलं, आईचं शेवटचं दुखणं पाहिलं, पण त्या दुपारइतकी लाज मला कशाचीच वाटली नाही, आणि ती कोणाबद्दलची होती हे मला आजही नीट सांगता येत नाही.

बाबा तिसऱ्या दिवशी आले. रिक्षातून उतरले तेव्हा मखमली पेटी पिशवीत खाली, वर धोतर कोंबलेलं. त्यांनी पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं: थंडगार हॉल होता, बाबांना शेवटच्या रांगेत बसवलं होतं, त्यांचं नाव पुकारलं तेव्हा घाटावरचं भजन वाजवलं नाही, लोकांचा मूड जाईल म्हणून पहिल्या बाजूचं एक उडत्या चालीचं वाजवलं. टाळ्या फार झाल्या. एका नटीनं त्यांना नमस्कार केला. तेव्हा इकडे काय चाललं होतं, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

संध्याकाळी सुमनकाकू ओसरीत आल्या. कपाळ मोकळं. बाबा उठून उभे राहिले.

"भाऊजी, ते भाकरीचं खोटं होतं," काकू म्हणाल्या. "चार दिवसांपासून पाणीच जात नव्हतं. त्यायनं शपथ घातली मले. म्हणे, तो घरात येणार नाई, त्याले दिसणार नाई, तू सांगशीन तेच त्याले खरं वाटन. एकदा तरी त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवू दे."

बाबा खाली बसले. जमिनीवरच.

"घाटावर तुमचा आवाज आला," काकू पुढे म्हणाल्या, "पण शेवटचं राहिलं. ते म्हणा आता. इथंच म्हणा. आता कायचा नियम राहिला?"

आई आतून बाहेर येऊन उभी राहिली. बाबांनी डोळे मिटले आणि भजन सुरू केलं. पेटी नाही, टाळ नाही. माझ्या आयुष्यात मी बाबांना घाटावरचं भजन तोंडानं म्हणताना ऐकलं ते तेवढं एकदा. चुलीचं कडवं झालं, ते थांबले, एक फेर मनातल्या मनात जाऊ दिला, आणि पुढे गेले. उंबरठ्याचं झालं, थांबले. अंगणाचं झालं आणि ते थांबले. आम्ही वाट पाहत होतो. भिंतीपलीकडे हातोडी नव्हती, ढोलक नव्हतं, काही नव्हतं. बाबांचे ओठ हलत होते पण त्यांना उचलता येईना. किसनकाकांच्या त्या फेरावरच सोबत्याचं कडवं उचलायची त्यांना सवय होती, आणि तो फेर येतच नव्हता. मग सुमनकाकूंनी पदरानं तोंड पुसलं, "राहू द्या भाऊजी," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मंडळ त्या दिवशी संपलं. तबकडी ओसरीत खिळ्याला टांगली, ती आईनं. बाबांनी कधी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. दोन उन्हाळ्यांत तिच्यावरचा मुलामा पोपडे धरून सुटला आणि मागे पालीनं घर केलं. आज ती माझ्याकडे आहे. नातवानं परवा विचारलं की यावर कोणतं गाणं आहे. म्हटलं, बाबा रे, ही वाजत नाही, ही फक्त खपते. बाबा आऱ्यावर राबत राहिले, म्हातारे झाले, आणि शेवटच्या आजारात माझ्याच घरी होते. बोलणं कमी झालं होतं. एवढंच त्यांनी दोन-तीनदा बजावलं, की माझ्या वेळेस काही लावू नका. गुपचूप न्या.

गुपचूप न्यायचं ठरलंही होतं. आता खांदे कोण देतं, शववाहिका बोलावली. बायकांनी घाटावर यायला आता कोणाची हरकत नसते, तेव्हा मी बाबांच्या पायांशी बसले आणि माझ्या शेजारी सुमनकाकू, पार वाळलेल्या, कानांनी कमी, हट्टानं आलेल्या. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली आणि गाडीच्या टपावरच्या कर्ण्यातून बाबांचा आवाज सुरू झाला. मी मधल्या काचेवर थापा मारल्या. तो पोरगा बिचारा घाबरला. गाडी सुरू झाली की ते आपोआपच लागतं, म्हणाला, सगळ्याच गाड्यांत हेच आहे बाई, लोक हेच मागतात. बंद कसं करायचं ते मले पाहावं लागन. हे गाणारे कोण, हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. तो गाडी चालवता चालवता एका हातानं बटणं चाचपत राहिला, भजनं एकामागून एक पुढे उडत गेली, मी ओरडत राहिले. आणि मग टपावर एकदम शांत झालं. मला वाटलं, सापडलं बटण.

दोन ठसके आले. कोरडे.

सुमनकाकूंनी माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मला वाटलं आता पाणी मागतील.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "हे आले."

मी काचेवरचा हात काढला आणि ड्रायव्हरला राहू दे म्हणून सांगितलं. लकडगंजच्या चौकात सिग्नल लागला होता, गाडी थांबली, शेजारच्या स्कूटरवाल्यानं हात जोडले. चुलीचा निरोप झाला. उंबरठ्याचा झाला, अंगणाचा झाला, आणि मग एक अख्खा फेर नुसतं ढोलक वाजलं. त्यावर बाबांनी सोबत्याचं कडवं उचललं.